भीमेकाठी मासा भाजताना

(युवक शिबिरात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त शिव्या कमी केल्यात.)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिला होता 'सांस्कृतिक गुलामगिरी आणि युवक'. पत्रिकेवर तसंच छापलंय. त्यावर मी बोलणार नाही. त्यावर बोलणारे आपल्याकडे रग्गड आहेत. दोन-दोन तास बोलतात, टाळ्या घेतात आणि मागच्या खोलीत जाऊन मटकीची उसळ खातात. माझं उसळीशी वैर नाही. पण मी आज मासा भाजण्यावर बोलणार आहे. हसताय? हसा. हसून झालं की ऐका.

गेल्या १ जानेवारीला आपण कोरेगावला होतो. १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले ते, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी पुन्हा सांगत नाही. दरवर्षी आपण जातो, मानवंदना देतो, रांगेत पाय दुखवून घेतो, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करतो आणि रात्री मुंबईला परत. यंदा ठरवलं, परत जायचं नाही. नदीबरोबर खाली जायचं. खाली माझ्या आत्याचं गाव आहे, भिगवणच्या अंगाला, उजनीच्या फुगवट्यावर. दुसऱ्या दिवशी तिथं काठावर आर पाडायचा आणि मासे भाजायचे. घरचे, दारचे, चळवळीतले, बायकापोरं धरून चाळीसजण झालो.

लगेच एक कार्यकर्ता म्हणाला, 'म्हणजे पिकनिक?' त्याच्या तोंडावर अशी कळा, जणू मी मंत्र्याच्या घरी जेवायला चाललोय. मी म्हटलं, हो, पिकनिक. आपल्या बापजाद्यांनी काठावर बसून दुसऱ्यांच्या जत्रांची राखण केली. आपण एक दिवस आपल्यासाठी बसलो तर क्रांती कुठं पळून जात नाही.

खरा वाद गाडीत झाला, आणि तो पिकनिकवाल्याच्या वादासारखा फुसका नव्हता.

आमच्याबरोबर एक काका होते. विहाराच्या कमिटीतले. त्यांच्या आजोबांनी १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतलेली. काका म्हणाले, 'पोरांनो, काल स्तंभापाशी उभं राहून पंचशील घेतलं. पहिलंच शील जीवहिंसेचं. आणि आज जिवंत मासा चिरणार? लोक काय म्हणतील?'

गाडीत चिडीचूप. मी म्हटलं, काका, लोक काय म्हणतील हा एक प्रश्न, आणि जीव घ्यावा का हा दुसरा. दोन्ही एका पिशवीत भरू नका. पहिल्याला मी विचारत नाही. दुसऱ्यावर बोलू. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथात, १९५७ ला त्यांच्यामागं छापून आला त्यात, अहिंसेवर लिहिताना त्यांनी भेद केलाय. गरजेपोटी मारणं वेगळं आणि मारण्याच्या हौसेनं मारणं वेगळं. बुद्धानं अहिंसा ही वाट म्हणून सांगितली, ताठर नियम म्हणून नाही, असं ते मांडतात. आणि पाली विनयातली देवदत्ताची गोष्ट तर तुम्हीच आम्हाला सांगितली. भिक्खूंना मासे-मांस सक्तीनं बंद करा असा हट्ट त्यानं धरला, बुद्धानं तो मानला नाही.

काका हुशार माणूस. म्हणाले, 'कबूल. पण गरज म्हणतोस, तर आज तुला मासा मारायची गरज काय? घरी डाळभात मिळत नाही का?'

याला माझ्याकडं पाठ केलेलं उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढंच म्हटलं, की काका, माझ्या आत्याला डाळ विकत आणावी लागते, मासा दारात आहे. पण मी तर मुंबईहून आलेला, पगारी माणूस. माझ्यापुरता प्रश्न उरतोच. तो मी तुमच्यापुढं तसाच टाकतो. काकांनी त्या दिवशी मासा खाल्ला नाही. आराजवळ बसले, ठेचा-भाकर खाल्ली, पोरांना गोष्टी सांगितल्या. कुणी त्यांना चिडवलं नाही. आपल्यातल्या शाकाहारी माणसाला आपण जेवढं मोकळं बसू देतो, तेवढं आपल्याला बाहेर कुणी बसू देत नाही, हे मात्र लिहून ठेवा.

कारण 'लोक काय म्हणतील' हीच आपली खरी मेख आहे. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा. आपल्या आज्या-पणज्यांनी सोडलं. उपाशी राहून सोडलं. तो हुकूम फेकलेलं उचलण्याविरुद्ध होता. दान म्हणून, हक्क म्हणून माथी मारलेल्या सडक्याविरुद्ध होता. आपण शिकलेल्यांनी त्याचा अर्थ काय लावला? आपल्या ताटातलं जे जे वास मारतं ते ते लाजिरवाणं. सुकट लाजिरवाणी, बोंबील लाजिरवाणा, खेकडा लाजिरवाणा. फ्लॅटमध्ये खिडक्या लावून बोंबील भाजणारे आपले साहेब मी बघितलेत. भाड्याची खोली बघायला गेलं की मालक पहिलं विचारतो, नॉनव्हेज खाता का? तो जातच विचारतोय, नुसती इस्त्री केलेल्या कपड्यात. आणि आपण म्हणतो, 'नाही नाही, फक्त अंडं.'

आपल्या आत्मकथांत भूक भरपूर आली. चव कमी आली. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ ला आलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, अरे, आपल्या चुलीवर नुसता हुंदका नव्हता, स्वैपाकही होता.

असो. काठावर येऊ.

ही भीमा. वर कोरेगावला स्तंभ. खाली पंढरपूरला हिचीच चंद्रभागा होते. तिथं चोखोबाची समाधी देवळासमोर पायरीपाशी, आत नाही. त्या देवळाचं दार आपल्याला उघडायला १९४७ साल उजाडलं, सानेगुरुजींना उपास करावा लागला. आणि मध्ये ही उजनी. धरण १९८० ला पुरं झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी. नाव यशवंतसागर. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, म्हणजे पुण्याचं सगळं धुणं-न्हाणं, गटार, आत्याच्या दारात येतं. धरणानं उसाला पाणी दिलं, साखर कारखाने दिले. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला, कमीजास्त, भांडून का होईना. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं काय गेलं म्हणून लिहायचं? आत्याच्या सासरचा महारवाडा पाण्यात गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, पेपरात फोटो येतो. महारवाडा वर येत नाही. मातीच्या भिंती, विरघळल्या.

हिवाळ्यात इथं रोहित पक्षी येतात. त्यांना बघायला पुण्या-मुंबईचे लोक होडीतून हिंडतात, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. आमचा धूर बघून एका होडीनं तोंड फिरवलं.

मासे आम्ही भोयाकडून घेतले. थेट काठावर, जाळं झटकतानाच. चौदा किलो चिलापी, दोन मरळ, एक वाम. वाम म्हणजे लांब सापासारखी, पोरी किंचाळल्या. मरळ मोठा उद्धट. त्याला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून पाण्याबाहेर काढला तरी तासन्‌तास मरत नाही. बादलीतून उडी मारून गवतात निघाला होता.

चिलापीबद्दल दोन शब्द. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ ला भारतात आणला. घाण पाण्यात तगतो, काहीही खातो, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. त्यामुळं वाढला. रोहू-कटल्याला मान, चिलापीला नाकं मुरडतात. लगेच एका कवीनं वही काढली, 'दलित मासा' म्हणून. मी वही मिटायला लावली. मित्रा, चिलापीनं इथले कितीतरी गावठी मासे हुसकावले. ती कुणाची प्रतीक-बितीक नाही. ती स्वस्त आहे आणि भाजून चांगली लागते. माशाला मासा राहू दे.

आता काम. आत्या सत्तरी ओलांडलेली, पण काठावर तीच सेनापती. तिनं दुपारीच वेड्या बाभळीचं सरपण लावलं. तासभर नुसतं जळू दिलं. आमची पोरं ज्वाळा बघून जाळी टाकायला निघाली. आत्या ओरडली, 'जाळावर मासा करपतो, आत कच्चा ऱ्हातो. आर पडू द्या.' लाकडाचा निखारा झाला, निखाऱ्यावर राखेची पांढरी साय आली, की मग. तिची परीक्षा अशी: वीतभर वर तळहात धरायचा आणि मोजायचं. पाचला हात ओढावा लागला की आर बरोबर. दहापर्यंत टिकला तर आर गार. तिला शाळा माहीत नाही, पण हा आकडा चुकत नाही. आणि खोक्यांची रंगवलेली फळकुटं, प्लायवूड आरात टाकायचं नाही. पोरं तेच गोळा करून आणत होती.

जाळी आमच्या एका वेल्डर मित्रानं बारक्या सळ्यांची केलेली. त्यानं निक्षून सांगितलं होतं, कोरं लोखंड घ्या, जस्ताच्या मुलाम्याचं नको, तापलं की त्याचा धूर वाईट. जुन्या फ्रीजची जाळी भाजायला घेणाऱ्यांनी ऐकावं.

आता भांडण. मासे पोत्यावर ओतले. पुरुष मंडळी आपसूक आराभोवती गोल करून बसली. विषय निघाला, आजच्या काळात पँथरची प्रस्तुतता. १९७२ पासून सुरुवात झाली. बाया आपसूक विळी घेऊन पोत्यापाशी. दहा मिनिटं असं चाललं. मग आपली एक कार्यकर्ती उठली. तिनं सुरी घेतली, आमच्या गोलाच्या मधोमध जमिनीत रोवली आणि म्हणाली, 'प्रस्तुतता झाली असेल तर खवलं कोण काढणार ते ठरवा.'

दोस्तांनो, मी त्या सुरीकडं बघितलं आणि मला माझ्या तीस वर्षांच्या भाषणांची लाज वाटली. उठलो. सगळे उठले. आणि काय सांगू, जन्मभर मासे खाल्लेल्या आम्हा पंधरा-वीस बाप्यांना मासा साफ करता येत नव्हता. कल्ले कुठनं धरायचे माहीत नाही. पोट चिरताना पहिल्या पाच माशांचं पित्त मी एकट्यानं फोडलं. हिरवी बारकी पिशवी असते, काळजाला चिकटून. ती फुटली की मासा कडू. धुऊनसुद्धा जात नाही. आत्यानं ते पाच मासे बाजूला ठेवले. म्हणाली, 'हे पुढाऱ्यांना.' ते आम्हीच खाल्ले. कडू होते.

आता आत्याची रीत. जे मासे सरळ आरात टाकायचे त्यांची खवलं काढायची नाहीत. पोट साफ, कल्ले काढलेले, मसाला नुसता पोटात. खवलं-कातडं करपून टरफलासारखं निघतं, आत मांस पांढरंशुभ्र, त्याच्याच पाण्यात शिजलेलं. जे जाळीवर जाणार त्यांची खवलं काढून अंगाला तिरप्या चिरा द्यायच्या. फुगवट्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो. त्याला चिंचेचा कोळ आणि खडेमीठ चोळून अर्धा तास ठेवायचं, मग धुवायचं. वास जातो. मसाला पाट्यावरचा: गावठी लसूण, सुकी लाल मिरची, धने, हळद, मीठ, पुन्हा थोडी चिंच. वाटणारा हात बदलत राहिला, काकासुद्धा वाटायला बसले. मासा मारला नाही, पण वाटण वाटलं. मरळीचे तुकडे केळीच्या पानात बांधून आराच्या कडेला. या पट्ट्यात केळी भरपूर, पानांना तोटा नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, हात आवरणं. जाळी आधी तापवायची, तेलाचं फडकं फिरवायचं, मासा ठेवायचा आणि त्याला छळायचं नाही. भाजला की तो स्वतः जाळी सोडतो. सोडत नसेल तर त्याची वेळ झालेली नाही. आमचे कार्यकर्ते दर अर्ध्या मिनिटाला उलथणं घालून बघणार. पहिल्या घाण्याचे मासे जाळीलाच चिकटले, कातडं वर, काटा खाली. डोळा पांढरा झाला, काट्यापासून मांस सुटलं, की उतरवायचा. दुसऱ्या घाण्यापासून जमलं.

खाल्लं कसं ते विचारू नका. ज्वारीची कडक भाकर, बुक्कीनं फोडलेला कांदा, केळीच्या पानावर मासा. मांगवाड्यातली आमची दोन मित्रांची घरं आली होती, चांभार मित्र होता, त्याची बायको मराठ्याची. सगळे एका पोत्यावर. त्याचं कौतुक मी करत नाही, ते तसंच असायला पाहिजे. पण एक गोष्ट सांगतो.

ज्याच्याकडून मासे घेतले तो भोई आणि त्याचा पोरगा होडी बांधून परत निघाले होते. आत्यानं हाक मारली, 'या, बसा दादा.' बसला. भाजलेली चिलापी घेतली, चवीनं खाल्ली, आत्याच्या हाताला वाखाणलं. भाकर पुढं केली तर म्हणाला, 'भाकर नको, घरी केल्याली हाय.' पुन्हा केली, पुन्हा नको. मासा चालला. मासा त्यानंच धरलेला, आरावर भाजलेला. भाकर आमच्या पाण्यात मळलेली. ते पाणीही त्याच धरणाचं, बरं का. त्याचाही धंदा ठेक्यावाल्यांच्या मेहेरबानीवर, बारीक डोळ्याच्या जाळ्यांनी पिल्लं ओढणाऱ्यांनी त्याचंही पोट मारलेलं. तरी भाकर नको. आमच्यातला एक तरुण उसळला, उठून भांडायला निघाला. आत्यानं त्याला हातानं दाबून खाली बसवलं. तेवढ्यात त्या भोयाच्या पोरानं, दहा-बारा वर्षांचा असेल, काकांच्या पानातली अर्धी भाकर उचलली आणि खायला लागला. बापानं बघितलं. काही बोलला नाही. पोरानं भाकर संपवली, बापानं नाही घेतली. एवढंच झालं. मी त्यातनं काही काढून दाखवत नाही.

आता शेवटचं. हे सांगायचं नव्हतं, पण तुम्हाला लाजेवर भाषण ठोकलं, तर माझी लाज लपवून चालणार नाही.

१९९४ साल. मी पुण्यात एका पेठेतल्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो. मालकाला जात सांगितली नव्हती. आडनाव असं की खपून जायचं. एक दिवस आत्या एसटीनं स्वारगेटला आली. मी तिला खोलीवर नेलं नाही. स्टँडवरच चहा पाजला, म्हटलं, परीक्षा आहे, आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. तिनं डबा आणला होता. पितळी, त्यावर माझ्या आजीचं नाव घातलेलं, आत्याला लग्नात दिलेला. आत अशाच आरावर भाजलेल्या चिलाप्या आणि भाकरी, फडक्यात बांधलेल्या. झाकण लावूनही वास येत होता. तो वास घेऊन मी वाड्यात जाऊ शकत नव्हतो. संध्याकाळी पुलावर गेलो आणि डबा मुठेत टाकला. भाकरींसकट. पुढच्या सुट्टीत तिला स्टीलचा नवा डबा दिला, म्हटलं, तो चोरीला गेला. तिनं एवढंच विचारलं होतं, 'मासं खाल्लं न्हवं?' मी म्हटलं, खाल्लं. त्यानंतर मी चळवळीत आलो, स्वाभिमानावर शेकडो भाषणं केली.

त्या रात्री सगळे पांगले होते. पोरं झोपली होती. आत्या आर उकरत होती, दोन मासे उरले होते ते फिरवत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. पेठ, मालक, पूल, सगळं.

ती बराच वेळ बोलली नाही. मासा फिरवला.

'मला वाटलंच हुतं,' ती म्हणाली. 'डबं कोण चोरतंय? मासं गेलं त्याचं काय न्हाई, लेका. डब्यावर आईचं नाव हुतं.'

मी गप्प.

'मुठंत टाकलास व्हय?'

'हो.'

'मंग आला असंल की खाली,' ती पाण्याकडं हात करून म्हणाली. 'पुण्याचं समदं हितंच येतंय.' आणि आरातला मासा काढून राख झटकली, पानावर ठेवला, माझ्यापुढं सारला. 'खा. गार हुतोय.'